समुद्राकाठचा बाजार संध्याकाळी का भरतो?

चिटगुप्पा, हुमनाबाद, बसवकल्याण या बिदरकडच्या सीमाभागातला आठवडी बाजार सकाळी भरतो आणि दिवेलागणीच्या आत उठतो. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना उजेडात घर गाठायचे असते. उन्हं कलली की भाजीवाले उरलेला माल पडत्या भावात काढतात, पाले सुटतात, बाजार रिकामा होतो. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर मात्र उन्हं कलू लागली की माणसे गोळा होतात. दुपारभर मोकळी पडलेली वाळू चार-पाचच्या सुमारास गजबजते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, अलीकडे नांगरलेल्या होड्या, उथळ पाण्यातून मासळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बैलगाड्या, आणि वाळूवर मासळीचे ढीग मांडून चाललेला लिलाव. दापोलीला फिरायला आलेले प्रवासीही मुद्दाम ही वेळ साधून तिथे पोचतात.

नकाशावर पाहिले तर हर्णै आणि चिटगुप्पा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेअठरा अंशांच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे सूर्य सारख्याच उंचीवर चढतो आणि दिवसाची लांबीही सारखीच असते. फरक रेखांशाचा आहे. चिटगुप्पा सुमारे चार अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य साधारण १६ मिनिटे आधी मावळतो. ऊन सारखेच असताना एका ठिकाणचा बाजार संध्याकाळी उठतो आणि दुसऱ्या ठिकाणचा संध्याकाळी भरतो, याचे कारण समुद्रात शोधावे लागते. किनाऱ्यावरच्या बाजाराची वेळ वाऱ्याने, पाण्याने आणि मासळीच्या स्वभावाने ठरवली आहे.

वाऱ्याचे वेळापत्रक

चुलीवर एका बाजूला कोरडा लोखंडी तवा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला हंडा ठेवला, तर सारख्याच जाळावर तवा लगेच चटका देऊ लागतो आणि हंड्यातले पाणी बराच वेळ कोमटच राहते. चूल विझली की तवा आधी निवतो, हंडा उशिरापर्यंत ऊब धरून राहतो. जमीन आणि समुद्र यांच्यात हाच फरक आहे. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात एक किलो कोरडी वाळू तेवढीच तापते. शिवाय वाळूचा फक्त वरचा थर उन्हात भाजतो. समुद्रात ऊन काही मीटर आत शिरते, लाटांनी पाणी ढवळले जाते आणि बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. म्हणून दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हाही समुद्राचे पाणी पहाटेपेक्षा जेमतेम अंशभर गरम झालेले असते.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड, जड हवा किनाऱ्याकडे सरकते. हे खारे वारे. सकाळी उशिरा त्यांची सुरुवात होते, दुपारी तीनच्या आसपास जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्य मावळताना ते मंदावतात. रात्री गणित उलटते. जमीन भराभर निवते, समुद्र ऊबदार राहतो आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे. शाळेच्या भूगोलात ही दोन नावे सगळ्यांनीच पाठ केलेली असतात, पण त्यांचा संबंध बाजाराशी आहे हे पुस्तकात सहसा येत नाही.

इंजिने येण्यापूर्वी होड्या शिडावर चालत. पहाटेचा मतलई वारा शीड फुगवून होडी आपोआप खोल पाण्याकडे नेई. दुपारनंतरचा खारा वारा तिला भरल्या जाळ्यांसह परत किनाऱ्याला लावी. वाऱ्याविरुद्ध वल्ही मारत येणे म्हणजे जीव काढणे, तेव्हा शहाणा तांडेल या दोन वाऱ्यांच्या बाहेर जात नसे. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, समुद्रावरचे निर्णय घेणारा माणूस. दिवसभराची मासळी तिसऱ्या प्रहरी काठाला लागली की ती तेव्हाच विकणे भाग असे. आज होड्यांना डिझेलची इंजिने आहेत, मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहतात, रात्री जाळी टाकणाऱ्यांचा माल सकाळी येतो आणि त्याचा लिलाव सकाळी होतो. तरी संध्याकाळची वेळ टिकून आहे, कारण दिवसभर मासेमारी करणाऱ्या होड्या आजही याच वेळी परततात.

चिटगुप्प्याच्या पठारावर हे वारे पोचत नाहीत. खाऱ्या वाऱ्यांचा पल्ला किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरताच असतो. पुढे सह्याद्रीची भिंत आहे आणि समुद्र तिथून चारशे किलोमीटरहून दूर. सहाशे मीटरच्या आसपास उंचीवरची ती कोरडी जमीन दिवसा भाजते आणि रात्री लवकर निवते. किनाऱ्यावर मात्र दमट हवा उष्णता धरून ठेवते, त्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. उन्हाळ्यात बिदरकडून कोकणात आलेल्या माणसाला आकडा कमी दिसत असूनही जास्त घाम येतो तो यामुळे. हवेत आधीच वाफ भरलेली असते, म्हणून अंगावरचा घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. वाळूवर उभे राहणे सुसह्य होते ते उन्हं कलल्यावर आणि वारा अजून पडलेला नसताना. त्या दीड-दोन तासांतच बाजार असतो.

पाणी मागे सरते तेव्हा

वाळूवर भरणाऱ्या बाजाराला जागा समुद्र देतो आणि तोच ती परत घेतो. चंद्राच्या ओढीने, आणि थोडी सूर्याच्या ओढीने, समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी ५० मिनिटे फिरावे लागते. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे जाते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी खूप चढते, खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, एकमेकांना मारक ठरते आणि पाण्याचा चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. वर खंभातच्या आखाताकडे समुद्र अरुंद आणि उथळ होत जातो, म्हणून उत्तरेकडे हा फरक वाढत जातो.

हर्णैचा किनारा उथळ उताराचा असल्याने मोठ्या होड्या थेट वाळूला लागू शकत नाहीत. त्या जरा लांब नांगर टाकतात आणि मासळी लहान होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून आत येते. बैल गुडघाभर, कधी पोटापर्यंत पाण्यात उभे असतात. पठारावरच्या शेतकऱ्याला बैलगाडी नवी नाही, पण समुद्रात उतरलेली बैलगाडी त्याला थांबून पाहावीशी वाटते. ओल्या वाळूत चाके रुतत नाहीत. ओहोटीने नुकत्याच सोडलेल्या वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कोरडी वाळू सुटी असते, म्हणून पाय त्यात खचतो. पाण्याखाली बुडालेली वाळू पुन्हा सैल होते, कारण कणांमधली ओढ पाणी पूर्ण भरल्यावर संपते. मासळी ओतायला, गाडी वळवायला आणि गर्दीला उभे राहायला योग्य असा पट्टा भरतीची खूण आणि ओहोटीची कड यांच्यामध्ये असतो.

> चौकट: तिथीवरून भरतीची वेळ
>
> कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला ८ × ¾ = ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ × ¾ = सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.
>
> वाळूचा पट्टा संध्याकाळी सर्वांत रुंद हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचे दिवस निवडावेत. भरती दुपारच्या आसपास होऊन गेलेली असते आणि पाच-सहापर्यंत पाणी लांब गेलेले असते. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर असते.
>
> हे गणित अंदाजाचे आहे. ठिकाण, वारा आणि ऋतू यांप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

लिलावात भाव कसा निघतो

कलबुर्गीच्या अडत बाजारात तुरीचा सौदा पाहिलेल्या वाचकाला बोली लावणे नवे नाही. पण तुरीचा भाव पटला नाही तर शेतकरी पोती परत नेऊ शकतो, पुढच्या महिन्यात पुन्हा आणू शकतो. मासळीवाल्याला ही मुभा नाही. त्याचा माल तासातासाने उतरतो. त्यातही किती मासळी मिळेल, कोणती मिळेल हे सकाळी कोणालाच माहीत नसते. एका दिवशी बांगड्यांनी होडी भरते, दुसऱ्या दिवशी जाळे हलके येते. आदल्या दिवशीचा भाव त्यामुळे आज उपयोगाचा नसतो. पुरवठा रोज नवा, माल न टिकणारा आणि घेणारे अनेक, अशा ठिकाणी ठरीव किमतीपेक्षा लिलाव कधीही बरा.

मासळी वाळूवर ओतली की आधी ती जात आणि आकार पाहून वेगळी केली जाते. पापलेट, सुरमई, हलवा एकीकडे, कोळंबी एकीकडे, बांगडे आणि किरकोळ मासळी एकीकडे. मग टोपलीवर, ढिगावर किंवा वजनावर बोली सुरू होते. भोवती मोठे व्यापारी, बर्फाच्या गाड्या घेऊन आलेले घाऊक खरेदीदार आणि किरकोळ विक्री करणाऱ्या कोळिणी उभ्या असतात. बोली चढत जाते आणि एका क्षणी बाकीचे गप्प होतात. एक ढीग काही मिनिटांत, कधी मिनिटभरातच सुटतो.

या चढत्या बोलीत शेवटचा भाव कोणत्या माणसामुळे ठरतो, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. वरवर पाहता सर्वांत जास्त पैसे द्यायला तयार असलेला माणूस भाव ठरवतो. प्रत्यक्षात तो ठरवतो दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. समजा, एका टोपलीसाठी पहिला व्यापारी २,००० रुपयांपर्यंत जायला तयार आहे आणि दुसरा १,५०० पर्यंत. बोली १,५०० च्या पुढे गेली की दुसरा थांबतो आणि पहिल्याला टोपली १,५०० हून थोड्या अधिक भावात मिळते. त्याच्या मनातले २,००० कधी बाहेर येतच नाहीत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये लिलावांचा हा स्वभाव नीट मांडला. त्यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. यातून एक गोष्ट निघते: विकणाऱ्याला एका श्रीमंत खरेदीदारापेक्षा दोन बरोबरीचे खरेदीदार जास्त फायद्याचे. लिलाव सगळ्यांसमोर, एका जागी, एका वेळी भरवण्याचे कारण हेच. घेणारे जितके जास्त, तितका दुसऱ्या क्रमांकाचा भाव पहिल्याच्या जवळ जातो.

नेदरलँड्समधल्या फुलांच्या लिलावात उलटी पद्धत आहे. तिथे भाव वरून सुरू होऊन खाली घसरतो आणि जो पहिला हात घालतो त्याला माल मिळतो. फुलेही मासळीसारखीच न टिकणारी, पण तिथे गाड्यांच्या गाड्या माल काही तासांत संपवायचा असतो आणि घसरत्या बोलीत प्रत्येक सौदा एका बोलीतच पुरा होतो.

प्रवाशाला लिलावात उतरणे जमत नाही, कारण ढीग मोठे असतात. त्याने लिलाव पाहावा आणि मग ढीग घेऊन बाजूला बसलेल्या कोळिणीकडे जावे. ती मासळी वाट्यावर विकते. वाटा म्हणजे एका भावाला मांडलेला लहानसा ढीग. इथे घासाघीस होते आणि ती गैर नाही. आठवडी बाजारात विकणारा आणि घेणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार असतात, म्हणून फार ताणून कोणाचेच भागत नाही. किनाऱ्यावरचा प्रवासी परत येईलच याची खात्री नसते, तेव्हा पहिला सांगितलेला भाव थोडा चढा असतो. त्याच वेळी समोरच्या बाईने पहाटेपासून कष्ट केलेले आहेत आणि अंधार पडल्यावर तिच्याकडे माल उरला तर तो तिचा तोटा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ताजेपणा आणि बर्फ

संध्याकाळच्या बाजाराचा आणखी एक फायदा म्हणजे उजेड. सूर्य बुडायच्या आधीच्या उजेडात मासळीचा डोळा, कल्ला आणि कातडी नीट दिसतात. पिवळ्या दिव्याखाली फिका पडलेला कल्लाही तांबूस भासतो. ताज्या मासळीचा डोळा फुगीर आणि पाणीदार असतो, कल्ले लाल असतात, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते आणि वास समुद्राचा असतो. ज्याला सगळे मासळीचा वास म्हणतात तो ताज्या मासळीला फारसा नसतोच. समुद्रातल्या माशांच्या अंगात खाऱ्या पाण्याशी तोल राखणारे एक द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर उग्र वासाच्या वायूत करतात. वास जितका तीव्र, तितके हे काम पुढे गेलेले. मांजरा नदीतल्या किंवा कारंजा धरणातल्या रोहू-कटल्यात हे द्रव्य नगण्य असते, म्हणून गोड्या पाण्यातल्या मासळीला तो विशिष्ट वास येत नाही.

मासळी लवकर बिघडते याचे मूळ तिच्या राहणीत आहे. गुरांच्या अंगापेक्षा थंड पाण्यात राहणाऱ्या माशाच्या अंगातले पाचक रस आणि त्याच्यावरचे जिवाणू थोड्या उबेतही जोमाने काम करतात. बांगडा, सुरमई, कुपा या जातींत आणखी एक धोका आहे. या मासळीला ऊब लागली तर मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते. त्याने अंगावर पित्त उठते, चेहरा लाल होतो, डोके दुखते. शिजवून किंवा तळूनही ते जात नाही. म्हणून मासळी पकडल्या क्षणापासून बर्फ हवा.

बर्फ इतका कामाचा का? नुसते थंड पाणी आणि बर्फ यांत मोठा फरक आहे. एक किलो बर्फ ०° वर वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासळी ३०° वरून ०° वर आणायला २७ च्या आसपास लागतात. म्हणजे एक किलो बर्फ हिशोबाने जवळजवळ तीन किलो मासळी थंड करू शकतो. तरीही मासळीइतकाच बर्फ घालतात, कारण वाटेत पेटीच्या बाजूंनी उष्णता आत शिरत राहते. बर्फ आणि मासळीचे थर एकाआड एक लावतात आणि वितळलेले पाणी बाहेर जाऊ देतात, कारण ते पाणी जिवाणूही वाहून नेते. संध्याकाळी लिलाव झाला की गाड्या रात्रीच्या गारव्यात घाट चढतात आणि सकाळी पुण्या-मुंबईच्या बाजारात माल पोचतो.

त्यापुढच्या पठारावर, तीन-चार राज्यमार्ग ओलांडून, ताजी मासळी नेणे खर्चाचे काम. म्हणून जुन्या काळापासून तिकडे जाते ती सुकट: सुके बोंबील, जवळा, सोडे. जिवाणूंना जगायला पाणी लागते. उन्हात वाळवून मासळीतले पाणी काढले, मिठाने उरलेले बांधून टाकले, की जिवाणूंना काही उरत नाही. वाळवणेही खाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असते, ऊन आणि वारा दोन्ही हवेत. दमट हवेत सुकट पुन्हा पाणी ओढते, म्हणून कोकणात ती घट्ट बंद ठेवावी लागते आणि कोरड्या पठारावर तीच मासळी महिनोन्महिने टिकते.

किनाऱ्यावरचे दुसरे बाजार

मुंबईच्या गिरगाव आणि जुहूच्या चौपाट्यांवरचा संध्याकाळचा बाजार खाण्याचा आहे. त्याची वेळ ठरते कामावरून सुटलेल्या माणसांमुळे आणि मावळत्या उन्हामुळे. भेळ समोर कालवून लगेच हातात दिली जाते, यामागे हवा आहे. कुरमुऱ्यांत पाणी फारच थोडे असते. दमट हवेत ते झपाट्याने ओल शोषतात आणि कडक भिंती मऊ पडतात. शेव-चुरमुरे पठारावर डब्याचे झाकण उघडे राहिले तरी दिवसभर कुरकुरीत राहतील. चौपाटीवर तासाभरात मऊ होतात.

गोव्यात हणजुण्याचा बुधवारचा बाजार १९७० च्या दशकात परदेशी पाहुण्यांनी आपापल्या जुन्या वस्तू विकण्यातून सुरू झाला. आज तिथे काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी विक्रेत्यांबरोबर उत्तर कर्नाटकातल्या लमाणी बायाही बसतात. आरसे आणि कवड्या लावलेले त्यांचे भरतकाम तिथे सर्वांत आधी नजरेत भरते. बिदर-कलबुर्गी भागातल्या लमाणी तांड्यांतल्या लोकांचे पूर्वज मीठ आणि धान्य बैलांवर लादून किनारा आणि पठार यांमध्ये ये-जा करत. रेल्वेने ती वाहतूक संपवली. शंख-शिंपले घेताना मात्र सावध राहावे. प्रवाळांच्या अनेक जाती आणि काही शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे.

पावसाळ्यात

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. याच दिवसांत बऱ्याच जातींची मासळी अंडी घालते आणि समुद्रही खवळलेला असतो. जमीन-समुद्राच्या तापण्यातल्या फरकाने रोज उठणारे खारे-मतलई वारे मोसमी वाऱ्यांच्या झपाट्यात विरून जातात. होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकतात, जाळी विणायला आणि इंजिने दुरुस्त करायला वेळ मिळतो. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. हर्णैला जायचे तर ऑक्टोबर ते मे हे महिने बरे, त्यातही थंडीचे. पुण्याहून ताम्हिणी किंवा वरंधा घाटाने दापोली गाठता येते, कोकण रेल्वेने येणाऱ्यांना खेड हे स्थानक जवळ पडते. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर आहे. लिलाव पाहायचा तर साडेचारच्या आत वाळूवर पोचावे.